आपला म्हणावा असा प्रश्न

विज्ञानात पीएचडी केलेल्या मुलामुलींना ‘आता पुढे काय?’ असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं: पोस्टडॉक. डॉक्टरेट हातात आल्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी प्रयोगशाळेत, दोन-तीन वर्षांच्या करारावर, पूर्ण वेळ संशोधन करायचं, पेपर लिहायचे आणि करार संपण्याआधी पुढच्या कराराची किंवा कायमच्या जागेची तजवीज करायची. विद्यार्थी म्हणून नाव नोंदलेलं नसतं आणि प्राध्यापक म्हणून दारावर पाटीही लागलेली नसते. पुण्यात पीएचडी करून गेली काही वर्षं मी जर्मनीत, हायडेलबर्गला, हेच करते आहे. माझ्या आजूबाजूला स्पेनची, इराणची, ब्राझीलची, कोलकात्याची माणसं हेच करताहेत. जगभरच्या प्रयोगशाळांत रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात, तेव्हा आत बहुतेक वेळा पीएचडीची मुलं असतात आणि आम्ही असतो.

माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. आमचं घर कराडचं. रविवारच्या फोनवर तब्येतपाणी, पाऊसपाणी बोलून झालं की ते विचारतात, “ऑर्डर वाढली का गं?” त्यांच्या हिशेबात नोकरीला एक क्रम असतो: आधी ऑर्डर, मग प्रोबेशन, मग सर्व्हिस बुकात नोंद आणि मग कायम. त्या क्रमाच्या भरवशावर त्यांनी घर बांधलं, आम्हा दोघा भावंडांची शिक्षणं केली. त्यांच्या विचारण्यात काळजी असते आणि ती रास्त आहे. मी सांगते, “वाढली अण्णा, पुढच्या मार्चपर्यंत आहे.” ते “बरं” म्हणतात. फोन ठेवल्यावर मला वाटत राहतं, की त्यांना खरं तर वेगळंच काही विचारायचं होतं. एवढी वर्षं घरापासून लांब राहून तू कमावलंस काय, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं.

या विचारण्याला मी पुष्कळ दिवस मनात उत्तर शोधत होते. पगार महिन्याला खर्ची पडतो. पेपरांवर सहा-सात जणांची नावं असतात. प्रयोगातल्या फळमाश्यांचे वाण, यंत्रं, वह्या, सगळं प्रयोगशाळेचं असतं आणि ते तिथेच राहतं, राहावंही. मग माणसाच्या हाती उरतं काय? माझ्या मते या वर्षांत कमवायची गोष्ट एकच आहे: आपला म्हणावा असा प्रश्न.

पीएचडीला प्रश्न बहुधा गाईडकडून येतो. पुण्यात सरांनी पहिल्याच आठवड्यात मला विषय दिला, कोणते पेपर वाचायचे ते सांगितलं, आणि पुढची वर्षं मी तो विषय निगुतीने केला. तसंच असायला हवं. हात बसायला आखून दिलेली वाट लागते. प्राध्यापक झाल्यावर मात्र आपण इतरांना प्रश्न द्यायचे असतात. या दोन्हींच्या मधे कुठेतरी प्रश्न घेणाऱ्याचा प्रश्न विचारणारा व्हायला लागतो. ते नेमकं याच वर्षांत घडतं, आणि ते कसं घडवायचं हे कोणी शिकवत नाही. कायमच्या जागेच्या मुलाखतीत समितीतलं कोणी ना कोणी विचारतंच, “यातलं तुमच्या प्रमुखांचं किती आणि तुमचं किती?” तिथे प्रकाशनांची यादी कामाला येत नाही.

माझं काम फळमाशीवर आहे. केळी जरा जास्त पिकली की फळांच्या टोपलीभोवती जी चिलटं घोंघावतात, त्यांच्यातलीच ही जात, ड्रोसोफिला. न्यूयॉर्कला टॉमस हंट मॉर्गन यांना 1910 साली लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर दिसला, तेव्हापासून आनुवंशशास्त्राचं निम्मं शिक्षण या माशीने केलं आहे, असं म्हटलं तरी चालेल. तिच्यासोबत काम करायचं तर दिवस तिच्या वेळापत्रकाप्रमाणे लावावा लागतो. सकाळी आल्याआल्या बाटल्यांतल्या सगळ्या प्रौढ माश्या काढून टाकायच्या आणि मग पुढच्या काही तासांत कोशातून बाहेर पडणाऱ्या माद्यांची वाट बघायची. 25 अंश तापमानाला नवजात मादी साधारण पहिले आठ तास नराला दाद देत नाही. तेवढ्यात तिला वेगळी काढली, तरच तिचा जोडीदार आपल्याला ठरवता येतो. एकदा समागम झाला की नराचं बीज ती साठवून ठेवते आणि पुढच्या संततीचा हिशेब बिघडतो.

सच्छिद्र पांढऱ्या पॅडमधून कार्बन डायऑक्साइड सोडला की माश्या निपचित पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने एकेक उलटी करून बघायची. नुकती जन्मलेली मादी फिकट असते, अंग मऊ आणि फुगीर, पंख अजून पुरते उलगडलेले नसतात. पोटाच्या पातळ आवरणातून एक गडद, हिरवट-काळा ठिपका दिसतो. कोशात असतानाचा तो उरलेला मळ असतो, आणि थोड्याच तासांत नाहीसा होतो. तो ठिपका दिसला की मादी खात्रीची. पुण्यात पहिल्यांदा मला तो दिसत नव्हता. सीनियर ताईने माझ्या हातात हात धरून कुंचला फिरवायला शिकवला, तेव्हा दिसायला लागला. आज इथल्या नव्या मुलांना तो ठिपका मी दाखवते. हे कसब असंच हातातून हातात येतं आणि त्यात आम्हा मधल्या माणसांचा वाटा फार मोठा आहे. आम्ही रोज जी गॅल-फोर नावाची पद्धत वापरतो, ज्यामुळे माशीच्या शरीरात हव्या त्याच पेशींत हवं ते जनुक चालू करता येतं, ती 1993 साली आंद्रेआ ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमॉन यांनी प्रसिद्ध केली. ब्रँड त्या वेळी हार्वर्डला पोस्टडॉक होत्या. जगातल्या हजारो माशीघरांत त्यांचं त्या वर्षांतलं काम आजही रोज चालतं.

आमच्या प्रयोगशाळेचा मुख्य विषय असा: वास टिपणाऱ्या चेतापेशी कोशावस्थेत मेंदूतल्या आपापल्या ठरलेल्या जागी कशा पोचतात. मला इथे घेतलं ते त्या कामासाठी, आणि ते मी करते. माझा प्रश्न मात्र निराळ्या ठिकाणाहून आला. तो कराडच्या स्वयंपाकघरातून आला.

माझी आजी कांदा-लसणाच्या चटणीसाठी खोबरं भाजायची, तेव्हा कढईकडे बघायचीसुद्धा नाही. सोप्यात बसून दुसरं काही निवडत असली तरी आत वास बदलला की तिथूनच ओरडायची, “उतरव, लाल झालं!” शेवटच्या वर्षांत तिची ही वासाची जाण गेली. आधी आम्हांला कळलंच नाही. ती जेवेनाशी झाली, एवढंच दिसत होतं. आई तिच्या आवडीचं करून ताट पुढे ठेवायची आणि ती दोन घास खाऊन ताट सरकवायची. एकदा तिने चटणीची बरणी उघडून नाकाशी धरली, बराच वेळ धरली आणि म्हणाली, “कशालाच काही वास नाही गं. भूक कुठनं लागायची?” डॉक्टर वयोमान म्हणाले. ते खरंच होतं. वय झालं की वासाची जाण मंदावते आणि तिच्यासोबत अन्नावरची वासनाही कमी होते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. ती हळूहळू वाळत गेली.

सॅन दिएगोच्या संशोधकांनी 2011 साली दाखवलं, की उपाशी माशी खाण्याच्या वासाकडे अधिक तत्परतेने जाते, कारण भुकेमुळे तिच्या वास टिपणाऱ्या पेशींचाच प्रतिसाद तीव्र होतो. भूक नाकापर्यंत पोचते आणि नाकाला सांगते, नीट लक्ष दे. तो पेपर वाचताना मला आजी आठवली. तिने जे म्हटलं होतं, ते याच गोष्टीचं दुसरं टोक होतं. म्हातारपणी भूक आणि वास यांच्यातलं हे बोलणं तुटतं का? तुटत असेल तर आधी कुठे? भूक सांगायची थांबते, की नाक ऐकायचं थांबतं? हा माझा प्रश्न.

या प्रश्नाला घाई चालत नाही. अंड्यापासून माशी दहा दिवसांत तयार होते. म्हातारी व्हायला तिला चाळीस-पन्नास दिवस द्यावे लागतात. तेवढे दिवस दर दोन-तीन दिवसांनी तिला ताज्या खाद्याच्या नळीत हलवायचं, मेलेल्या मोजायच्या, उरलेल्या सांभाळायच्या. शनिवार-रविवार, ख्रिसमस, गणपती काही असो, नळ्या बदलाव्याच लागतात. करारावर असणाऱ्या माणसाने असला प्रयोग घेऊ नये असं मला काही जणांनी प्रेमाने सांगितलं, आणि त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. पण जो प्रश्न आपल्याला सोडत नाही, त्याला लागेल तेवढा वेळ द्यावा लागतो. मुख्य काम चोख ठेवून मी हा प्रयोग कडेने चालू ठेवला.

प्रश्न कोणाचा हे आधी स्पष्ट नसलं, तर काय होतं याचं विज्ञानाच्या इतिहासातलं सगळ्यांत परिचित उदाहरण म्हणजे रोझलिंड फ्रँकलिन. केंब्रिजहून 1945 साली डॉक्टरेट घेऊन त्या 1947 मध्ये पॅरिसला गेल्या आणि तिथे क्ष-किरणांनी पदार्थांची रचना वाचण्याचं तंत्र शिकल्या. जानेवारी 1951 मध्ये त्या तीन वर्षांच्या फेलोशिपवर लंडनच्या किंग्ज कॉलेजात आल्या. आजच्या भाषेत त्या पोस्टडॉकच. त्याआधी डिसेंबर 1950 मध्ये विभागप्रमुख जॉन रँडल यांनी त्यांना पत्रातून कळवलं होतं, की डीएनएचं क्ष-किरणांचं काम आता त्या आणि विद्यार्थी रेमंड गॉसलिंग असे दोघेच पाहतील. मॉरिस विल्किन्स त्याच विभागात डीएनएवर काम करत होते. त्यांना या पत्राची कल्पना नव्हती. फ्रँकलिन आपल्याला मदत करायला आल्या आहेत अशी त्यांची समजूत, आणि हा विषय आपल्याकडे सोपवला आहे अशी फ्रँकलिन यांची. पुढची दोन वर्षं त्या विभागात जे कटू झालं, त्याला स्वभावांची साथ असेल, पण मूळ या पत्रात होतं.

लोक डीएनएच्या मे 1952 च्या त्या प्रसिद्ध क्ष-किरण छायाचित्राबद्दल बोलतात, ते फ्रँकलिन यांना न विचारता, त्याच रचनेच्या शोधात असलेल्या जेम्स वॉटसन यांना दाखवलं गेलं त्याबद्दल बोलतात. मला मात्र त्यानंतरची गोष्ट जास्त लागते. मार्च 1953 मध्ये फ्रँकलिन किंग्ज सोडून लंडनमधल्याच बर्कबेक कॉलेजात गेल्या, तेव्हा रँडल यांनी त्यांना डीएनएवरचं काम थांबवायला सांगितलं. माणूस जाऊ शकतो, प्रश्न इथेच ठेवून जा, असं ते सांगणं होतं. ज्या रचनेवर त्यांनी दोन वर्षं डोळे झिजवले, तिच्याविषयी पुढे विचार करायचीही मुभा त्यांना नव्हती. बर्कबेकला त्यांनी विषाणूंची रचना हा नवा प्रश्न घेतला, तंबाखूच्या पानांवर रोग आणणाऱ्या विषाणूपासून सुरुवात केली आणि एप्रिल 1958 मध्ये वयाच्या 37 व्या वर्षी वारल्या. तेवढ्या पाच वर्षांत त्यांनी तो विषय असा उभा केला, की त्यांचे सहकारी ॲरन क्लुग यांनी तो पुढे नेला आणि 1982 साली क्लुग यांना नोबेल मिळालं. हे वाचताना मला फ्रँकलिन यांच्याबद्दल आदर वाटतो आणि त्यांच्या वतीने रागही येतो. प्रत्येक संशोधकाला दुसऱ्यांदा नव्याने उभं राहता येईलच असं नाही आणि ते कोणी गृहीत धरू नये.

फ्रँकलिन यांचं चरित्र वाचून झाल्यावर मी आमच्या लॅबप्रमुखांकडे वेळ मागितला. विचारलं, की मी जाईन तेव्हा माझ्यासोबत काय जाईल? त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “हे विचारलंस ते बरं झालं. मला माझ्या वेळी विचारता आलं नव्हतं.” मग आम्ही दोघींनी बसून एक पानभर लिहिलं. चेतापेशींच्या जोडणीचं काम प्रयोगशाळेचं. भूक, वास आणि वय यांचा प्रश्न माझा. त्यासाठी तयार केलेल्या माश्यांच्या वाणांची एक प्रत मी नेणार, आणि मी गेल्यावर निदान काही वर्षं ही प्रयोगशाळा त्या प्रश्नात माझ्याशी स्पर्धा करणार नाही. शेवटच्या वाक्याखाली त्यांनी सही केली. त्या एका पानाने माझी झोप जितकी सुधारली, तितकी कुठल्याही ऑर्डरने सुधारली नसती. दुसऱ्या देशात असलेल्या माझ्या एका मित्राला हे पान कधी मिळालं नाही. त्याने सुरू केलेलं काम तो गेल्यावर तिथे नव्या माणसाला दिलं गेलं. मोठी प्रयोगशाळा, भरपूर हात, तिचा पेपर आधी आला. तो आता औषधकंपनीत आहे, समाधानी आहे, पण त्या विषयावर बोलायचं टाळतो.

याच्या उलट, प्रश्न सोबत घेऊन जाणं आणि घेऊन परत येणं काय असतं हे मला व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्याकडे बघून कळतं. आईवडील मूळ गोव्याचे, जन्म केनियातला, शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात, आणि तिथून त्या पीएचडीसाठी मुंबईला, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांच्याकडे आल्या. माशीला वास आणि चव कशी कळते याचा जनुकांच्या बाजूने शोध घेणारं काम दोघांनी तिथे 1970 च्या दशकात उभं केलं. जगात फार थोडे लोक तेव्हा त्या वाटेवर होते. पुढे त्या जर्मनीत ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेत पोस्टडॉक म्हणून गेल्या. तिथे एरिख बुखनर यांच्यासोबत किरणोत्सारी साखरेचा वापर करून, कोणत्या वासाने माशीच्या मेंदूचा कोणता भाग जागा होतो, हे त्यांनी नकाशासारखं मांडलं. तो पेपर 1984 सालचा. प्रश्न मुंबईचा होता, तंत्र ट्युबिंगनचं. ते तंत्र घेऊन त्या मुंबईला परतल्या आणि त्याच प्रश्नावर पुढची पंचवीसेक वर्षं, आधी कुलाब्यात आणि नंतर बंगळुरातही, विद्यार्थी घडवत राहिल्या. 2010 साली त्या गेल्या. भारतात आज माशीच्या नाकावर काम करणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यातल्या अनेकांच्या मुळाशी त्या आहेत. त्यांच्या त्या काळातल्या पेपरांतून मला एक गोष्ट ठळक दिसते: त्या ट्युबिंगनला नुसतं काम शोधायला गेल्या नव्हत्या, आपल्या प्रश्नाला लागणारं हत्यार आणायला गेल्या होत्या.

हायडेलबर्गलाच शहराच्या दक्षिणेला, टेकडीवरच्या जंगलात, युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरी आहे. तिथे 1978 साली क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस या दोघांना मिळून एक लहानशी प्रयोगशाळा मिळाली. न्युस्लाइन-फोलहार्ड यांची डॉक्टरेट रेणूंच्या अभ्यासातली होती. माशीचं काम त्या पोस्टडॉक म्हणून बाझेलला गेल्यावर शिकल्या, आणि विशाउस यांची ओळखही तिथलीच. दोघं समोरासमोर बसून, दोन जणांना एकाच वेळी बघता येईल अशा सूक्ष्मदर्शकाखाली, माशीच्या अळ्यांचे पट्टे तासन्‌तास तपासत. अंड्यातल्या एका पेशीपासून अळीचे खंड कसे आखले जातात, हा त्यांचा प्रश्न. ऑक्टोबर 1980 मध्ये त्यांनी त्यासाठी लागणारी 15 जनुकं दाखवली आणि 1995 साली एडवर्ड लुइस यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. मला याहूनही जवळची वाटते ती न्युस्लाइन-फोलहार्ड यांची 2004 सालची कृती. त्यांनी स्वतःच्या नावाने एक प्रतिष्ठान काढलं. लहान मुलं असलेल्या तरुण संशोधक स्त्रियांना घरकामासाठी आणि मुलं सांभाळायला माणूस ठेवता यावा, म्हणून ते दरमहा पैसे देतं. नोबेल मिळालेल्या बाईंना कळलं होतं, की हुशारी असूनही कित्येक जणींचा प्रश्न भांडी आणि कपड्यांच्या ढिगाखाली हरवतो.

माझी मुलगी इथल्या बालवाडीत जाते. नवऱ्याने चाकणची नोकरी सोडली, दीड वर्ष जर्मन भाषा शिकला आणि आता मानहाइमला कामाला जातो. हे त्याने आनंदाने केलं, तरी ते सोपं होतं असं मी म्हणणार नाही. आमचा राहण्याचा परवाना माझ्या कराराच्या तारखेला बांधलेला असतो. त्यामुळे आमच्यातले पुष्कळ जण भाड्याच्या घरात गादी जमिनीवर टाकून राहतात, पुस्तकं खोक्यांतच ठेवतात, भाषा शिकायची टाळतात, मूल ‘कायम झाल्यावर’ म्हणतात. मला हे फार दुःखाचं वाटतं. करार तात्पुरता असेल, पण त्यातली वर्षं आपल्या तिशीतली असतात आणि ती पुन्हा येत नाहीत. आम्ही आल्यावर पहिल्याच वर्षी घराला पडदे लावले, पुस्तकांचं कपाट घेतलं, शेजारच्या आजींशी मोडक्या जर्मनमध्ये ओळख केली. उद्या जावं लागलं तर कपाट विकून जाऊ. त्या आजींशी जमलेली माया सोबत येईल.

व्यवस्थेबद्दलही बोलायला हवं, कारण सगळा भार माणसाच्या हिमतीवर टाकणं अन्यायाचं आहे. जर्मनीत 2007 साली झालेल्या कायद्याप्रमाणे विद्यापीठांना संशोधक मुदतीच्या करारावर ठेवता येतात: डॉक्टरेटआधी सहा वर्षं आणि नंतर सहा, मूल असेल तर प्रत्येक मुलामागे आणखी दोन वर्षांची वाढ मिळू शकते. ती मुदत सरली की कायमची जागा, नाहीतर बाहेरच्या निधीवरचा प्रकल्प, नाहीतर रजा. हे समजावणारी एक फीत संशोधन मंत्रालयाने 2018 साली केली होती. तीत हाना नावाची काल्पनिक जीवशास्त्रज्ञ होती, आणि एकाच पिढीने सगळ्या जागा अडवून धरू नयेत म्हणून हे करार असतात, असं सांगितलं होतं. जून 2021 मध्ये तिघा संशोधकांनी ‘मी हाना आहे’ असं लिहायला सुरुवात केली आणि हजारो लोकांनी आपापलं वय, करार आणि घरची परिस्थिती जगापुढे ठेवली. पुढे ती फीत मंत्रालयाने काढून घेतली. कायद्याचा वाद अजून मिटलेला नाही. नव्यांना जागा मिळावी हा हेतू मला पटतो. पण चाळिशीला आलेल्या, हातात भरलेला प्रश्न असलेल्या माणसाला बाहेर काढून ती जागा पुन्हा मुदतीवरच भरली जाते, तेव्हा त्यातून ज्ञान वाढत नाही.

आपल्याकडेही वयाचे उंबरठे आहेत. इन्स्पायर फॅकल्टी योजनेला सर्वसाधारण उमेदवारासाठी 32, राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपला 35. युरोपातली मारी क्युरी फेलोशिप हवी, तर ज्या देशात जायचं तिथे आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे हलणं ही अटच. या सगळ्या तारखांमध्ये माणूस आपला प्रश्न कधी पिकवणार? ज्या मुलीने मधे बाळंतपण केलं, ज्या मुलाने वडिलांच्या आजारपणात वर्षभर घरी काढलं, त्यांची वर्षं वाया गेली असं कागदाला वाटतं.

ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचं काम कमी प्रतीचं होतं असंही नाही. माझ्या माश्यांच्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात, त्या जेलीफिशकडून घेतलेल्या एका प्रथिनामुळे. त्याचं जनुक डग्लस प्रॅशर यांनी अमेरिकेत वुड्स होलला 1992 साली वेगळं केलं. त्यांचा निधी संपला होता. त्यांनी ते जनुक मार्टिन चॅल्फी आणि रॉजर चेन यांना पाठवून दिलं. 2008 साली या प्रथिनाचं नोबेल ओसामू शिमोमुरा, चॅल्फी आणि चेन यांना मिळालं, तेव्हा प्रॅशर अलाबामातल्या हंट्सविलला एका मोटारविक्रेत्याच्या ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. चॅल्फी आणि चेन त्यांना सन्मानाने स्टॉकहोमला घेऊन गेले. प्रॅशर यांनी आपला प्रश्न मरू दिला नाही. ज्यांच्या हाती तो जगेल त्यांच्याकडे सोपवला. हे थोरपण आहे, आणि अशा माणसाला पुढचा निधी देता आला नाही हे त्या व्यवस्थेचं अपयश आहे.

पुण्यात माझ्या शेजारच्या बाकावर पीएचडी केलेली मैत्रीण आज सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही. तिच्याकडे यंत्रं नाहीत. तिने प्रथम वर्षाच्या मुलांना बाटलीत केळं आणि यीस्ट ठेवून माश्या पकडायला लावलं. कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकाजवळ, कोणत्या जातीच्या माश्या येतात याच्या नोंदी ती मुलं वर्षानुवर्षं ठेवताहेत. द्राक्षाच्या बागा, उसाची गुऱ्हाळं, घरचे उकिरडे. मी तिला जाती ओळखायला मदत करते आणि तिच्या नोंदी वाचताना मला हेवा वाटतो. तिच्याकडे ऑर्डर नाही, पण प्रश्न आहे, आणि तो तिच्या मातीचा आहे.

या वाटेवर नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: मुख्य काम प्रामाणिकपणे करा, कारण त्यावर इतरांचीही पोटं आहेत. पण पहिल्या वर्षातच आपला प्रश्न शोधायला लागा. तो मोठ्या नावाच्या नियतकालिकात मिळत नाही. तुम्ही कुठून आलात, काय बघत वाढलात, कशाने अस्वस्थ झालात, तिथे तो असतो. आणि जाताना काय सोबत न्यायचं, हे पहिल्या वर्षी विचारा आणि लिहून घ्या. लॅबप्रमुखांनी ते आपण होऊन विचारावं. मोठ्यांचं ते काम आहे.

आणि निवड समित्यांना, मुंबई-पुण्याच्या आणि इथल्याही, मनापासून विनंती आहे. समोर बसलेल्या माणसाचं वय किती, पेपर किती, मधली दोन वर्षं कुठे गेली, हे कागदावर असतंच. त्याआधी त्याला विचारा, की तुम्ही कोणता प्रश्न घेऊन आला आहात, आणि त्यावर पुढची दहा वर्षं काय कराल? ज्याला हे सांगता येतं, त्याने आपली करारांची वर्षं सार्थकी लावली आहेत. त्याला जागा द्या आणि त्या जागेला मुदत घालू नका.